रुपया, रुपिया आणि एस्कुदो

एखाद्या प्रदेशाचा राजकीय इतिहास तहनाम्यांत, सनदांत आणि लढायांच्या वर्णनांत सापडतो. परंतु त्या प्रदेशातील माणसांनी काय मिळविले, काय साठविले आणि काय गमावले याचा इतिहास मात्र किर्दी-खतावण्यांच्या पानांत दडलेला असतो. महाजन घराण्यांच्या पेट्यांतून आणि देवस्थानांच्या दप्तरांतून अशी जुनी पाने अधूनमधून बाहेर येतात. त्यांवर शेराफीं, रुपिया, तांगा, रेइस, एस्कुदो अशी नावे आढळतात आणि त्यांच्यापुढे आकडे मांडलेले असतात. ज्या प्रमाणाने एका नाण्याचे दुसऱ्यात रूपांतर होत असे ते प्रमाण ठाऊक नसेल, तर हे आकडे मुके राहतात. किंबहुना ते वाचणाऱ्याची दिशाभूल करतात. पूर्वजाने दिलेली रक्कम कोणास अवाजवी मोठी वाटते, कोणास क्षुल्लक वाटते, आणि दोघांचेही अनुमान चुकलेले असते.

भारतातील पोर्तुगीज अमलाखालील मुलखाचे चलन आणि शेजारच्या भारताचे चलन यांच्यामधील विनिमयाचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. राज्य लिस्बनचे असले तरी पैसा मुंबई-कलकत्त्याच्या पैशाबरोबर चालत होता. ज्या सुरंगी गावाच्या परिसरात हा मजकूर वाचला जाईल, त्या नगर हवेलीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी ठरते.

बारा हजार रुपयांची गोष्ट

नगर हवेलीचा पोर्तुगीजांशी आलेला संबंध मुळातच एका रकमेतून उत्पन्न झाला. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज पकडले होते. त्या प्रकरणाच्या भरपाईचा प्रश्न पुढे सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत झालेल्या १७७९ च्या मैत्रीच्या तहात सोडविण्यात आला. दमणनजीकच्या गावांमधून वार्षिक बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना तोडून द्यावा, असे ठरले. १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे आणि १७८५ मध्ये दादरा, याप्रमाणे हा मुलूख त्यांच्याकडे गेला.

या व्यवहाराचा अर्थ काय, हा प्रश्न पुढे पावणेदोनशे वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर उभा राहिला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की, पेशव्यांनी दिला होता तो केवळ वसुलाचा अधिकार, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. पुढे आलेल्या इंग्रजांनी मात्र तेथील पोर्तुगीज सत्तेला हरकत घेतली नाही आणि ती गृहीत धरून व्यवहार केला, त्यामुळे ती रूढ झाली. तात्पर्य, बारा हजार रुपयांच्या वसुलाचे रूपांतर कालांतराने एका राज्याच्या दाव्यात झाले.

या बारा हजार रुपयांतील 'रुपया' म्हणजे एकच एक नाणे होते, असे मात्र समजू नये. अठराव्या शतकात सुरती, अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये पश्चिम हिंदुस्थानात चालत. प्रत्येकाचे वजन आणि चांदीचा कस यांत थोडाफार फरक असे, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी द्यावयाचा झाल्यास सराफ त्यावर बट्टा कापून घेत असे. विनिमयाचा दर हा विषय त्या काळी परदेशाशी व्यापार करणाऱ्यांपुरता नव्हता. चार कोसांवरच्या बाजारात जाणाऱ्या शेतकऱ्यालाही तो सोसावा लागे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यातील शुद्ध चांदी १६५ ग्रेन. या एकसारख्या नाण्यापुढे जुन्या रुपयांचा आणि बट्ट्याचा व्यवहार हळूहळू मागे पडला. पोर्तुगीज मुलखाची सीमा ज्या ज्या ठिकाणी ब्रिटिश मुलखास भिडत होती, त्या त्या ठिकाणी हे नाणे सीमेपाशी थांबले नाही.

शेराफीं जाऊन तांगा सोळा झाले

गोव्याची जुनी गणना वेगळी होती. मूळ अरबी 'अशरफी' या नावावरून आलेला शेराफीं हे तिचे प्रमुख परिमाण होय. एक शेराफीं म्हणजे पाच तांगा, एक तांगा म्हणजे साठ रेइस, म्हणजे शेराफीं तीनशे रेइसांचा. आणि दोन शेराफींची एक रुपिया. अर्थात जुनी रुपिया दहा तांगांची, म्हणजे सहाशे रेइसांची होती. तांगा हे नाव मात्र आपल्या 'टंक' शब्दाचेच भावंड आहे.

१८७१ मध्ये ही गणना बदलण्यात आली. रुपियाचे तांगा दहाऐवजी सोळा झाले आणि रेइस सहाशेऐवजी नऊशे साठ झाले. वरवर पाहता हा केवळ भागाकारातील बदल. परंतु त्याचे मर्म मोठे आहे. ब्रिटिश रुपयाचे आणे सोळा होते, म्हणून गोव्याच्या रुपियाचे तांगाही सोळा करण्यात आले. यापुढे एक तांगा म्हणजे एक आणा, पंधरा रेइस म्हणजे एक पैसा आणि पाच रेइस म्हणजे एक पै, असे सोपे समीकरण जुळले. राजा पोर्तुगालचा, नाव पोर्तुगीज, पण मोजण्याची रीत पूर्णपणे शेजारची.

समान मूल्याचा करार

या समीकरणास राजकीय मान्यता मिळाली ती २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने. १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला. त्याने दोन्ही मुलखांमधील जकातीच्या भिंती बहुतांशी दूर केल्या, मिठाच्या उत्पादनावरचे नियंत्रण ब्रिटिश सरकारकडे गेले आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगीज भारताला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. गोव्याच्या मिठागरवाल्यांना हा सौदा फार महागात पडला, हे येथे नमूद केले पाहिजे.

चलनाच्या बाबतीत या तहाने जे घडले ते असे : पोर्तुगीज भारताची नाणी यापुढे ब्रिटिश भारतातील टांकसाळीत, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाची व त्याच कसाची पाडली जाऊ लागली. १८८१ आणि १८८२ या सालांची दों लुईश राजाच्या मुखवट्याची रुपिया ज्यांच्या संग्रही असेल, त्यांनी ती व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाशेजारी ठेवून पाहावी. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, चांदी तीच, बारा भागांत अकरा भाग. फरक फक्त मुखवट्याचा. अशा दोन नाण्यांमध्ये विनिमयाचा दर एकास एक यावाचून दुसरा असणे संभवतच नव्हते.

हा तह १८९२ च्या जानेवारीत संपुष्टात आला. जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या, मिठाचा करार गेला, वार्षिक चार लाख रुपये बंद झाले. परंतु रुपया आणि रुपिया यांची समता मात्र गेली नाही. तह नव्हता, तरी बाजार होता. गोव्याचा माणूस मुंबईस नोकरीस होता आणि त्याचा पगार ब्रिटिश रुपयांत होता. गोव्यात येणारे धान्य, कापड आणि किराणा यांचा पुष्कळसा भाग ब्रिटिश भारतातून येत होता. घरी येणारा पैसा आणि बाहेर जाणारा पैसा दोन्ही रुपयाचेच असल्यामुळे स्थानिक नाण्याला वेगळा भाव घेऊन जगणे शक्य नव्हते.

लिस्बनपासूनचे अंतर

समतेचा हा धागा किती बळकट होता, हे दुसऱ्या बाजूने पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. त्याकरिता रुपयाची लिस्बनच्या पैशाशी तुलना केली पाहिजे.

पोर्तुगालने १८५४ मध्ये सुवर्णचलन स्वीकारले आणि इंग्रजी पौंडाचा दर साडेचार हजार रेइस ठरविला. रुपया मात्र चांदीचा होता. १८७० नंतर जगात चांदीचा भाव उतरत गेला आणि जो रुपया पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास होता, तो १८९० नंतरच्या वर्षांत सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने टांकसाळीत चांदी आणून रुपये पाडून घेण्याची सर्वसामान्य मुभा बंद केली आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे पौंडास पंधरा रुपये, असा स्थिर केला. या सगळ्या व्यवस्थेची कठोर चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात केली आहे, हे मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पौंडास साडेचार हजार रेइस आणि पौंडासच पंधरा रुपये, या हिशेबाने एका रुपयाची किंमत पोर्तुगालच्या पैशात तीनशे रेइस येते. पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि १९११ मध्ये हजार रेइसांचा एक एस्कुदो करण्यात आला. म्हणजे मूळ प्रमाणाने एक रुपया बरोबर तीस सेंताव्हू, एस्कुदोच्या एकतृतीयांशाहूनही कमी.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि पोर्तुगालच्या तिजोरीचे कंबरडे मोडले. नोटा छापल्या गेल्या, महागाई वाढली आणि एस्कुदो कोसळत गेला. १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाल्यानंतर त्यास स्थैर्य आले आणि १९३१ मध्ये पौंडास ११० एस्कुदो असा दर बसला. इकडे १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै, असा कायद्याने ठरला होता. दोन्ही आकड्यांचा भागाकार केल्यास एका रुपयास सव्वाआठ एस्कुदो पडतात. तीस सेंताव्हूंपासून सव्वाआठ एस्कुदोंपर्यंत! वीस वर्षांत लिस्बनचा पैसा रुपयाच्या तुलनेत सत्तावीस पटींहून अधिक स्वस्त झाला.

आता विचार करावा की, गोवा, दमण आणि नगर हवेली येथील रुपिया जर लिस्बनच्या पैशास बांधलेली असती, तर काय झाले असते? विधवेने साठविलेले पन्नास रुपये, देवाच्या नंदादीपासाठी ठेवलेली शंभर रुपयांची ठेव, मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली रक्कम, या सर्वांचे मोल शेजारच्या बाजारात नाममात्र उरले असते. तसे घडले नाही, याचे श्रेय कोणा राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीस देता येत नाही. ते त्या साध्या समीकरणास आहे : एक रुपिया म्हणजे एक रुपया.

चांदीकडून कागदाकडे

या काळात नाण्यांचे रूप बदलत गेले, आणि प्रत्येक बदलात रुपिया रुपयाच्या मागोमाग जाताना दिसते. १८६४ मध्ये लिस्बनला स्थापन झालेल्या बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु या बँकेने १८६८ मध्ये नव्या गोव्यात, म्हणजे पणजीस, आपली शाखा उघडली आणि १९०६ पासून पोर्तुगीज भारताच्या नोटा तिच्या नावाने निघू लागल्या. महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची आणि त्यापाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली. त्याच १९१७ सालच्या तारखेच्या चार तांगा, आठ तांगा, एक रुपिया आणि अडीच रुपिया अशा लहान नोटा पोर्तुगीज भारतातही निघाल्या.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, भारतीय रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. पोर्तुगीज बाजूस १९३५ ची रुपिया अजून उत्तम चांदीची होती; १९४७ ची निम्म्या चांदीची झाली आणि १९५२ ची तांबे-निकेलच्या मिश्रधातूची. शेजाऱ्याने चांदी कमी केल्यावर अधिक चांदीचे नाणे आपल्याकडे टिकत नाही, ते वितळविले जाते किंवा दडविले जाते, हा अर्थशास्त्रातील जुना नियम येथेही लागू पडला.

सुरंगीला एस्कुदो पोहोचला नाही

नगर हवेलीस समुद्र नव्हता, रेल्वे नव्हती. दमणच्या जिल्ह्यात तिचा समावेश असला, तरी दमण आणि ही गावे यांच्यामध्ये ब्रिटिश मुलूख पसरलेला होता. सुरंगी, खानवेल, नरोली, दादरा या गावांच्या चहूबाजूंस ठाणे आणि सुरत जिल्हे व धरमपूरचे संस्थान. जवळची रेल्वे वापी आणि भिलाडची. जंगलातील सागवान बाहेर जावयाचे तर याच वाटेने, आणि मीठ, कापड, लोखंड आत यावयाचे तर तेही याच वाटेने. १९१९ च्या 'ऑर्गानिझासांव आग्रारिया' या जमीनविषयक नियमाखाली येथे आल्वारा नावाचे पट्टे दिले गेले आणि त्यांवर 'फोरु' म्हणजे वार्षिक खंड आकारला गेला. तो खंड सरकारी दप्तरात रुपियांत मांडला जाई. पण तो भरणाऱ्याच्या हाती पैसा येई तो बहुधा शेजारच्या बाजारातून. एकास एक हे प्रमाण येथे पुस्तकातला नियम नव्हता. रोजच्या जगण्याची ती अट होती.

१९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झाले, त्यानंतर नरोली, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा. वरिष्ठ पंचायतीने सुमारे सात वर्षे कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. स्वातंत्र्याच्या या घटनेची वर्णने पुष्कळ झाली आहेत. तिची चलनविषयक बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती अशी की, नगर हवेलीतून पोर्तुगीज सत्ता गेली तेव्हा तेथील हिशेबाचे परिमाण रुपियाच होते. त्यामुळे रुपियातून रुपयात येताना सुरंगीच्या माणसास नवे गणित शिकावे लागले नाही. तांग्याच्या जागी आणा म्हटले की हिशेब पूर्ण झाला. गोव्यातील आप्तांना मात्र चारच वर्षांत निराळा अनुभव आला.

सहास एक

१९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या वसाहतींना घटनादुरुस्तीने 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, असे जगास सांगावयाचे, तर तेथील पैसा शेजारच्या देशाचा भाऊ असून चालण्यासारखे नव्हते. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारताने राजनैतिक संबंध तोडले आणि आर्थिक निर्बंध कडक केले. १ एप्रिल १९५७ पासून भारताने दशमान पद्धती स्वीकारून रुपयाचे शंभर नवे पैसे केले, तेव्हा सोळा आणे आणि सोळा तांगा यांचे जुने साम्यही उरले नाही. अशा स्थितीत १९५८ मध्ये पोर्तुगीज भारतातील रुपिया रद्द करून तिच्या जागी एस्कुदो आणण्याचे ठरले. दर : एका रुपियास सहा एस्कुदो.

हा सहाचा आकडा कोठून आला? १९४९ च्या सप्टेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाचेही त्याच प्रमाणात झाले आणि डॉलरला सुमारे ४ रुपये ७६ पैसे पडू लागले. एस्कुदोचे अवमूल्यन कमी प्रमाणात झाले. डॉलरला २८ एस्कुदो ७५ सेंताव्हू. भागाकार केला असता रुपयास सहा एस्कुदोंहून किंचित अधिक येतात. तात्पर्य, सहास एक हा दर लहरीने ठरविलेला नव्हता. जागतिक बाजारातून फिरून आलेले तेच जुने 'एकास एक' होते.

नव्या नाण्या-नोटांकडे पाहिले तर हे अधिकच पटते. १९५९ च्या तारखेच्या नोटा ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० एस्कुदोंच्या होत्या. तीस आणि साठ ही नोटांची चमत्कारिक मूल्ये वाटतात. पण सहाने भागताच पाच, दहा, पन्नास आणि शंभर रुपये समोर उभे राहतात. नाण्यांचेही तसेच. सहा एस्कुदोंचे नाणे म्हणजे रुपया, तीनचे म्हणजे अर्धा रुपया, साठ सेंताव्हूंचे म्हणजे दहा नवे पैसे आणि तीस सेंताव्हूंचे म्हणजे पाच नवे पैसे. रुपयाशी नाते तोडण्यासाठी आणलेल्या चलनास आपली नाणी रुपयाच्याच मापाने पाडावी लागली. नाव बदलले, गणती बदलली. बाजाराची सवय बदलता आली नाही.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले आणि जेमतेम तीन वर्षे वापरलेला एस्कुदो तेथून गेला. चलन बदलले तेवढ्याने लोकांचे प्रश्न मिटले, असे मात्र नव्हे. बांकु नासिओनाल उल्त्रामारिनुकडे गोव्यातील अनेक कुटुंबांनी सोन्याचे दागिने गहाण ठेवून कर्ज घेतले होते. मुक्तीच्या सुमारास हे सोने लिस्बनला हलविण्यात आले. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी ते सोने परत येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत ज्यांनी ते गहाण ठेवले होते, त्यांपैकी अनेकजण हयात नव्हते. पैशाचा दर एका रात्रीत ठरविता येतो. पण विश्वासाने ठेवलेली ठेव परत मिळण्यास एक पिढी जावी लागते.

ज्यांचे आप्त पोर्तुगालात स्थायिक झाले त्यांच्याकरिता पुढील आकडे उपयोगी पडतील. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरला साडेसात रुपये झाले. एस्कुदो होता तेथेच राहिला, आणि रुपयाची किंमत सहा एस्कुदोंवरून पावणेचारच्या थोडी वर आली. १९७४ च्या क्रांतीनंतर एस्कुदो घसरत गेला. अखेरीस १ जानेवारी १९९९ रोजी एका युरोस २००.४८२ एस्कुदो असा कायमचा दर बांधला गेला. त्या वेळी युरोस पन्नासच्या आसपास रुपये पडत होते, म्हणजे रुपयास सुमारे चार एस्कुदो. चाळीस वर्षांत दोन्ही चलने पुष्कळ उतरली. परंतु एकमेकांच्या तुलनेत ती फारशी दूर गेली नव्हती. २००२ मध्ये एस्कुदोच्या नोटा व्यवहारातून गेल्या आणि हा हिशेब बंद झाला.

जुनी किर्द वाचताना

गोव्यातील देवस्थानांच्या महाजन-संस्थांसाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ मध्ये आणि पुढे १९३३ मध्ये नियमावली केली. अंदाजपत्रक, जमाखर्च आणि ठेवी यांवर सरकारी देखरेख आली आणि त्यामुळे दप्तर नीट ठेवण्याची शिस्तही आली. आज त्या दप्तरांचे वाचन करणाऱ्यास तीन निरनिराळ्या गणना भेटतात, आणि एकच रक्कम त्या तिन्हींत निराळी दिसते.

उदाहरणार्थ, साडेबारा रुपयांचे एक वर्षासन घ्यावे. १८७१ पूर्वीच्या पानावर ते गणनेपुरते २५ शेराफीं असे दिसेल. १८७१ ते १९५८ या काळात ते १२ रुपिया ८ तांगा असे लिहिलेले असेल. १९५८ नंतरच्या तीन वर्षांत तेच ७५ एस्कुदो होईल. ज्याला ही प्रमाणे ठाऊक नाहीत, तो असा समज करून घेईल की पणजोबांनी पंचवीस दिले, आजोबांनी बारा दिले आणि वडिलांनी पंचाहत्तर दिले. वस्तुतः तिघांनी एकच वर्षासन निष्ठेने चालविले. अशा गैरसमजातून कोणत्या घराण्याने देवास किती दिले, यावर वाद उत्पन्न होतात आणि पूर्वजांच्या दानास उणेपणा येतो, तो केवळ भागाकार न केल्यामुळे. जुनी रुपिया वजनाने आणि कसाने ब्रिटिश रुपयाशी तंतोतंत जुळणारी नव्हती, एवढी सावधगिरी मात्र १८७१ पूर्वीच्या आकड्यांबाबत बाळगावी.

रेइसांबद्दलही हाच इशारा द्यावा लागतो. जुन्या गणनेत सहाशे रेइसांची रुपिया होती, नव्या गणनेत नऊशे साठांची. आणि पोर्तुगालमधील रेइस तिसराच. तेव्हा 'रेइस' हा शब्द दिसला की प्रथम साल पाहावे, मग स्थळ पाहावे आणि त्यानंतरच आकड्यास हात घालावा. १२ रुपिया ८ तांगा ३० रेइस अशी रक्कम १९०० सालच्या पानावर असेल, तर ती १२ रुपये ८ आणे ६ पै होय, याविषयी शंका नको.

म्हणून महाजन कुटुंबांतील तरुण मंडळींनी एक काम अगत्याने करावे. घरातील जुने दस्तऐवज उतरवून घेताना प्रत्येक रकमेपुढे चलनाचे नाव आणि साल जसेच्या तसे लिहावे. त्याचे आजच्या रुपयांत रूपांतर करून मूळ आकडा गाळू नये. सुरंगीच्या कागदांत रुपिया आणि रुपया एकास एक धरावेत, गोव्याच्या १९५८ नंतरच्या कागदांत एस्कुदोस सहाने भागावे आणि शेराफींस दोनाने. एवढे तीन भागाकार ज्यास येतात, त्यास आपल्या घराण्याचा आणि देवस्थानाचा जमाखर्च दुसऱ्या कोणाकडून वाचून घेण्याची गरज पडणार नाही.